सार्वजनिक काका : लोकांचे मुखत्यार

देवळाच्या जीर्णोद्धाराचे काम निघाले म्हणजे दगड, चुना आणि लाकूड यांच्या आधी माणसे जमवावी लागतात. कोणी वर्गणीची वही घेऊन घरोघर फिरतो, कोणी जमाखर्च लिहितो, कोणी ऐन उन्हात गवंड्यापाशी उभा राहतो. या मंडळींना आपण पंच म्हणतो, विश्वस्त म्हणतो, अलीकडे कार्यकारी मंडळाचे सभासद म्हणतो. त्यांना पगार नसतो. बोलणी मात्र पुष्कळ खावी लागतात. ज्या जागेवर हा पंच बसतो ती जागा कोणाची, हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात एका देवस्थानाच्या कारभारावरूनच उभा राहिला होता. त्याचे जे उत्तर निघाले त्यातून महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाला नवे वळण लागले, आणि ते उत्तर ज्यांनी आयुष्यभर पाळून दाखविले त्या गणेश वासुदेव जोशी यांना लोक सार्वजनिक काका म्हणू लागले. भाविक वाचकांस या प्रसंगी त्यांच्या चरित्राची ओळख करून देणे उचित होईल.

काकांचा जन्म १८२८ साली सातारा येथे झाला. घरची स्थिती बेताची होती. इ. स. १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले. त्याच सुमारास काका पोटापाण्यासाठी पुण्यास आले व कोर्टाच्या कचेरीत नोकरीस लागले. पुढे वकिलीची परीक्षा उतरून त्यांनी स्वतंत्र व्यवसाय सुरू केला आणि त्यात त्यांचा चांगला जम बसला. कायद्याचे कागद कसे लिहावेत, कोणता दस्तऐवज कोर्टात टिकतो व कोणता टिकत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक झाले होते. पुढच्या त्यांच्या साऱ्या सार्वजनिक कामावर या वकिली शिस्तीची छाप दिसते.

पुण्याच्या दक्षिणेस पर्वतीची टेकडी आहे. तेथील श्रीदेवदेवेश्वराचे देवालय नानासाहेब पेशव्यांनी बांधविले व १७४९ मध्ये ते पूर्ण झाले. पेशवाई १८१८ साली बुडाली, तरी पर्वतीवरील पूजाअर्चा खंडित झाली नाही. पुढे देवस्थानाचा कारभार पंचांकडे आला. पंच म्हणजे शहरातील प्रतिष्ठित गृहस्थ. परंतु प्रतिष्ठा निराळी आणि कारभार निराळा. कारभारात अव्यवस्था आहे, देवाचा पैसा नीट खर्च होत नाही, अशी कुरबूर शहरात सुरू झाली आणि ती वाढत गेली. काका त्या वेळी चाळिशीच्या घरात होते. या तक्रारीला तोंड फोडण्यात त्यांचा पुढाकार होता.

येथपर्यंतची हकीकत कोणत्याही गावची वाटावी अशीच आहे. देवळाच्या पंचांविषयी पारावर बसून बोलणारे लोक कोठे नाहीत? वेगळेपण आहे ते यापुढे. पंचांविरुद्ध सरकारकडे दाद मागावयाची तर मागणाऱ्यांना तरी लोकांच्या वतीने बोलण्याचा अधिकार काय, असा पेच उभा राहिला. पंचांना लोकांनी नेमले नव्हते हे खरे. परंतु तक्रार करणाऱ्यांनाही लोकांनी नेमले नव्हते! चार शहाणी माणसे जमली आणि आम्हीच लोक असे म्हणू लागली, तर त्यांच्यात व त्या पंचांत फरक तो कोणता राहिला?

यावर निघालेला तोडगा मोठा मार्मिक आहे, आणि त्यात काकांमधला वकील स्पष्ट दिसतो. वकिलाला पक्षकाराचे वकीलपत्र असल्यावाचून कोर्टात उभे राहता येत नाही. मग लोकांच्या वतीने बोलणाऱ्याने लोकांचे वकीलपत्र का घेऊ नये? त्याप्रमाणे नियम ठरला. ज्याला सभासद व्हावयाचे असेल त्याने निदान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे. अशी सुमारे ६,००० लोकांची मुखत्यारपत्रे जमा झाली, ९५ सभासद निवडले गेले आणि २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभेची स्थापना झाली. काँग्रेसचा जन्म १८८५ चा, म्हणजे त्यानंतर पंधरा वर्षांनी झालेला, हे ध्यानात घेतले म्हणजे या कल्पनेचे मोल कळते.

येथे एक गोष्ट सांगून टाकणे बरे. या ९५ जणांत सरदार, इनामदार, सावकार, वकील व पेन्शनर यांचाच भरणा होता, आणि त्यांतही ब्राह्मण पुष्कळ. कुणबी, माळी, कोष्टी यांच्या सह्या कागदावर कितपत उमटल्या असतील याची कल्पना कोणालाही करता येईल. स्त्रियांना तर तेथे स्थानच नव्हते. सभा स्वतःला सार्वजनिक म्हणवीत असली तरी तिचे अंगण लहान होते. परंतु सभासदाची जागा मानाची नसून दुसऱ्याने विश्वासाने सोपविलेली आहे, हे कागदावर लिहून घेणारे ते पहिल्यांपैकी होते, एवढे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

सभेच्या अध्यक्षस्थानी औंधचे पंतप्रतिनिधी बसले. पुढेही अध्यक्षपद संस्थानिक व सरदार यांच्याकडेच राहिले. काकांनी चिटणिसाचे काम पत्करले. यात त्यांचे व्यवहारज्ञान होते. मोठ्या नावामुळे संस्थेला वजन येते, सरकारी साहेब पत्राला उत्तर देतो, देणगीदार थैली मोकळी करतो. परंतु अध्यक्ष वर्षातून काही वेळा गादीवर बसतो, आणि संस्था चालते ती रोजच्या टपालावर. टपाल पाहणे, बैठकीच्या सूचना धाडणे, इतिवृत्त लिहिणे, अर्जांचे मसुदे तयार करणे, सह्या गोळा करणे, वर्गणी मागणे ही कामे काकांनी उचलली. दहा वर्षे त्यांनी हा भार वाहिला. वकिली सांभाळून फावल्या वेळात सभेचे काम करावे असा आरंभीचा बेत असेलही. हळूहळू उलटे झाले आणि फावल्या वेळात वकिली होऊ लागली.

इ. स. १८७१ मध्ये न्यायमूर्ती रानडे पुण्यास बदलून आले. त्यांची विद्वत्ता अफाट. पण ते सरकारी नोकर, त्यामुळे सभेच्या व्यासपीठावर उघडपणे पुढारीपण करणे त्यांना अवघड होते. रानड्यांनी विचार द्यावा आणि काकांनी तो पायांवर घेऊन गावोगाव न्यावा, अशी ही जोडी जमली. दोघांच्या स्वभावात अंतर होते. रानडे शांत, सावकाश तोलून पाहणारे. काका उत्साही व एकदा ठरले की मागे न पाहणारे. एका संस्थेत अशी दोन माणसे असली की बहुधा तट पडतात. येथे तसे झाले नाही, याचे कारण कोणत्या कामात कोणी पुढे व्हावे हे दोघांनाही समजत होते.

सभेने १८७० नंतरच्या त्या दशकात केलेली कामे पुष्कळ आहेत. शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी झाली. हिंदी लोकांना विलायतेच्या पार्लमेंटात प्रतिनिधित्व मिळावे म्हणून २१ हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज धाडला गेला. सभेचे इंग्रजी त्रैमासिक १८७८ साली निघाले. या सर्वांत एका कामाचा उल्लेख विशेष केला पाहिजे. कोर्टकज्जात रयत नागवली जाते म्हणून आपसांत तंटे मिटविण्यासाठी पुण्यात लवाद कोर्ट काढण्यात आले, आणि त्यात काकांनी मन घातले. तंटे बाहेर मिटले तर कोर्टात कमी जातील, आणि कोर्टात कमी गेले तर वकिलांची मिळकत बुडेल, हे वकिली करणाऱ्या माणसाला कोणी सांगावयास हवे होते काय? काकांनी आपल्याच धंद्यावर पाणी सोडणारे हे काम केले, आणि त्याचा कोठे गवगवाही केला नाही.

स्वदेशीच्या बाबतीतही त्यांनी आधी स्वतःपासून आरंभ केला. १२ जानेवारी १८७२ रोजी त्यांनी स्वदेशी वस्तूच वापरण्याची शपथ घेतली. स्वतः सूत काततात, त्याचे जाडेभरडे कापड वापरतात, त्याच वेषात कोर्टात जातात, असे पाहून पुष्कळांनी त्यांची थट्टा केली. त्यांनी देशी मालाची दुकाने काढविली आणि देशी व्यापाराला उत्तेजन देण्यासाठी मंडळी जमविली. यात त्यांना खोट आली. खोटीचा भार त्यांनी सभेच्या वहीत टाकला नाही. पदरचा पैसा घातला. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्याचा दरबार भरला. हिरेमोत्यांनी मढलेले राजेमहाराजे जमलेल्या त्या ठिकाणी सभेचे मानपत्र घेऊन काका गेले, ते पांढऱ्या खादीच्या साध्या कपड्यांत. त्या मानपत्रात हिंदी प्रजेला इंग्रज प्रजेच्या बरोबरीचे राजकीय व सामाजिक स्थान मिळावे, अशी मागणी होती.

दिल्लीस जेव्हा रोषणाई चालली होती तेव्हा दख्खनात माणसे अन्नावाचून मरत होती. इ. स. १८७६ च्या पावसाने दगा दिला. पुणे, सोलापूर, नगर, सातारा, विजापूर या भागांतील विहिरी आटल्या, गुरे कवडीमोलाने गेली, गावेच्या गावे उठून चालू लागली. सभेच्या खऱ्या कसोटीची वेळ आली ती ही. पुण्यात बसून जाहीर सभा भरविणे व सरकारवर ताशेरे झाडणे सोपे होते. काका व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरा मार्ग धरला. त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांत माणसे नेमून तेथील हकीकत मागविली: कोणत्या तालुक्यात किती पाऊस, धान्याचा भाव काय, दुष्काळी कामावर किती मजूर, त्यांना काय मिळते, किती लोक गाव सोडून गेले. ही माहिती ताडून पाहून सभेने सरकारला पत्रांमागून पत्रे पाठविली. कलेक्टरच्या अहवालात जे नसे ते या पत्रांत असे.

इ. स. १८७७ च्या आरंभी हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून सर रिचर्ड टेंपल आले. खर्च कमी करण्यासाठी त्यांनी मजुरांची रोजी खाली आणली. दिवसाकाठी एक पौंड, म्हणजे सुमारे चाळीस तोळे धान्य, आणि वर किरकोळ पैसा. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाने त्यावर जगावे! हजारो मजूर काम टाकून निघून गेले. सभेने मजुरांची बाजू घेतली. एवढ्या अन्नावर कष्टाचे काम करणारा माणूस तग धरू शकत नाही, हे तिने सरकारला पुनःपुन्हा लिहून कळविले. ज्यांच्या हुकमाविरुद्ध हे लिहिणे चालू होते तेच टेंपलसाहेब त्याच वर्षी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले. काकांचे लिहिणे थांबले नाही. हे मजूर काही सभेचे सभासद नव्हते, त्यांच्या सह्या कोणत्याही मुखत्यारपत्रावर नव्हत्या. वर ज्या लहान अंगणाचा उल्लेख आला ते या दुष्काळात काकांनी आपण होऊन मोठे केले, असे म्हणावयास हरकत नाही.

घरातही काही वेगळे घडत होते. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी पुण्यात स्त्रीविचारवती सभा काढली. तेथे बायका जमत, हळदीकुंकवाच्या निमित्ताने निरनिराळ्या जातींच्या स्त्रिया एकत्र बसत. त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती. बाहेर सभा, घरात सभा, असे ते बिऱ्हाड होते.

दुष्काळाने पोळलेल्या त्याच प्रदेशात वासुदेव बळवंत फडके यांनी बंडाचे निशाण उभारले. मे १८७९ मध्ये पुण्यातील बुधवार वाडा व विश्रामबाग वाडा यांना आगी लागल्या. सरकारचा संशय शहरातील साऱ्याच पुढाऱ्यांवर गेला. रानड्यांना पुण्याबाहेर बदलीवर जावे लागले. जुलैमध्ये फडके पकडले गेले आणि पुण्यास त्यांच्यावर खटला उभा राहिला. त्यांचे वकीलपत्र घेणे म्हणजे आपल्या नावावर लाल रेघ ओढून घेणे होते. वकील मंडळी चार पावले मागे सरली. सार्वजनिक सभेचा मार्ग सनदशीर अर्जविनंत्यांचा. फडक्यांचा मार्ग तिला मान्य असणे शक्य नव्हते. सभेच्या चिटणिसाने अशा आरोपीसाठी उभे राहिल्यास संस्थेवर किटाळ येईल, ही भीतीही खोटी नव्हती. संस्था जपावी की आरोपीला वकील मिळण्याचा त्याचा हक्क जपावा, हा प्रश्न त्या वेळी काकांपुढे होता. ते वकिलाचा झगा घालून कोर्टात उभे राहिले व फडक्यांचा बचाव त्यांनी केला. फडक्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांना एडनला नेण्यात आले आणि तेथेच १८८३ मध्ये त्यांचा अंत झाला.

ते पाहण्यास काका राहिले नाहीत. वकिली मागे पडली होती, प्रवास व जागरणे यांनी शरीर थकले होते. २५ जुलै १८८० रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. त्या वेळी त्यांचे वय अवघे ५२ वर्षांचे होते. त्यांच्या हातून सुटलेले सभेचे दप्तर पुढे इतरांनी सांभाळले. नामदार गोखल्यांनीही काही काळ तिचे चिटणीसपण केले व त्रैमासिक चालविले.