कर्मवीर दादासाहेब गायकवाड : योजनेच्या नावामागचा लढा

सिन्नरच्या गावोगावी आपल्या वस्तीत आजही अशी घरे आहेत, ज्यांच्याकडे सातबारा नाही. दुसऱ्याच्या बांधावर मजुरी, हंगाम संपला की स्थलांतर आणि त्यात मुलांची शाळा सुटते. अशा भूमिहीन कुटुंबांसाठी राज्य सरकारची जी योजना आहे, तिला कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांचे नाव दिले आहे. ते नाव उगाच दिलेले नाही.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी दिंडोरी तालुक्यातील आंबे गावी झाला. तरुणपणीच ते बाबासाहेबांच्या चळवळीत आले. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला काळाराम मंदिर सत्याग्रह पुढे वर्षानुवर्षे तगवून धरणाऱ्यांत ते आघाडीवर होते. १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मुंबई विधानसभेत गेले.

मंदिराच्या दारापेक्षा पोटाचा प्रश्न मोठा आहे, हे नाशिक जिल्ह्याने लवकर ओळखले. वतनाच्या जमिनीने महारांना गावकीच्या राबणुकीत बांधून ठेवले होते आणि त्यावर सरकारने वाढीव कर लादला. त्याविरुद्ध ऑगस्ट १९४१ मध्ये बाबासाहेबांच्या उपस्थितीत परिषद भरली, ती आपल्या सिन्नरलाच. ही वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. गावकी सुटली, पण बहुसंख्य कुटुंबांच्या हाती पोटापुरती जमीन आलीच नाही.

म्हणून दादासाहेबांनी १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. ते तेव्हा नाशिकचे खासदार होते. पुढे ६ डिसेंबर १९६४ पासून रिपब्लिकन पक्षाने देशभर सत्याग्रह केला. तीन लाखांहून अधिक माणसे तुरुंगात गेल्याचे सांगितले जाते. त्या मागण्या आज पुन्हा वाचाव्यात. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, धान्याचे नीट वाटप करा, महागाई रोखा, किमान वेतन कायदा अमलात आणा, झोपडपट्टीवासीयांचे प्रश्न सोडवा, बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती द्या. यातली शेवटची मागणी केंद्राने १९९० साली मान्य केली. तेव्हा दादासाहेब हयात नव्हते. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले होते.

२००४ साली राज्याने त्यांच्या नावाची सबलीकरण व स्वाभिमान योजना आणली. दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती व नवबौद्ध भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन द्यायची, विधवा, परित्यक्ता आणि अत्याचारग्रस्तांना प्राधान्य द्यायचे. आधी निम्मी रक्कम कर्ज म्हणून होती, २०१८ पासून संपूर्ण अनुदान झाले. मात्र जमीन सरकारला विकत घ्यावी लागते, तीही ठरवून दिलेल्या मर्यादेत. औद्योगिक वसाहत आणि समृद्धी महामार्ग आलेल्या सिन्नरसारख्या तालुक्यात त्या भावाने जमीन विकायला कोण पुढे येणार?

दादासाहेबांनी पडीक सरकारी जमीन मागितली होती, बाजारातली नव्हे. तेव्हा जयंतीला हार घालून थांबू नका. आपल्या गावातील भूमिहीन कुटुंबांची यादी करा, त्यांचे अर्ज समाजकल्याण कार्यालयात पोहोचवा आणि गायरान व पडीक जमिनीचा हिशेब ग्रामसभेत मागा. लेकरांची शाळा टिकवायची तर घराला पायाखालची जमीन हवी. हेच कर्मवीरांना खरे अभिवादन ठरेल.

जय भीम!