सरखेल कान्होजी आंग्रे आणि खांदेरीचा वेताळ
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या उमरठ गावाला समुद्र नाही. चहूकडे डोंगर, पावसाळ्यात भाताची लावणी, आणि घरटी एक तरी माणूस मुंबईला, असा आमचा संसार. गावात नरवीर तानाजी मालुसरे आणि शेलारमामा यांच्या समाध्या आहेत. म्हणून आमच्याकडे इतिहास पुस्तकातून येत नाही. तो आजीच्या तोंडून येतो, आणि तो सारा डोंगराचा असतो. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. समुद्राचा इतिहास मला इथल्या ग्रंथालयाने दिला, आणि त्या इतिहासातला जो पुरुष मनात घर करून बसला तो म्हणजे सरखेल कान्होजी आंग्रे.

तसे पाहिले तर डोंगर आणि समुद्र हे आपण मानतो तितके परके नाहीत. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री पोलादपूर-महाडवरून जाते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. त्या मुखावरचा किल्ला एके काळी आंग्र्यांच्या ताब्यात होता. आणखी एक योगायोग सांगतो. तानाजी सिंहगडावर पडले ते ४ फेब्रुवारी १६७० रोजी. कान्होजींचा जन्म त्याच्या आदल्या वर्षीचा, १६६९ चा. जणू डोंगरावरचा एक पहारा संपत असताना समुद्रावरचा दुसरा पहारेकरी पाळण्यात होता! आपला जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखला जाई. ते नाव ज्या जलदुर्गावरून पडले, तो अलिबागचा कुलाबा किल्ला हीच कान्होजींची राजधानी.

कान्होजींचे वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या पदरी होते. घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी या गावावरून आंग्रे हे नाव पडले. कान्होजींचे तारुण्य आले ते स्वराज्याच्या सर्वांत कठीण काळात. १६८९ मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड पडला, राजाराम महाराज दूर जिंजीला गेले. कोकणच्या किनाऱ्याला वाली उरला नाही. अशा वेळी या तरुणाने जलदुर्ग राखले, गेलेले परत मिळवले आणि विखुरलेले आरमार पुन्हा उभे केले. सिधोजी गुजर यांच्यानंतर १६९८ च्या सुमारास आरमाराची सूत्रे त्यांच्याकडे आली आणि सरखेल हा किताब त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला.

पुढे शाहू महाराज आणि ताराबाई यांच्यातील कलहात कान्होजी ताराबाईंच्या बाजूला राहिले. त्यांच्यावर चालून आलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच त्यांनी १७१३ मध्ये कैद केले. मग बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले. त्यांनी तलवार बाजूला ठेवून बोलणे केले आणि कान्होजींना शाहू महाराजांच्या पक्षात आणले. सरखेली कान्होजींकडेच राहिली, आणि खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग असे समुद्रावरचे मोक्याचे दुर्गही राहिले.

इंग्रजांनी आपल्या कागदांत कान्होजींना चाचे म्हटले आहे. मित्रहो, या शब्दाचा थोडा विचार करावा. कान्होजींचे म्हणणे साधे होते. हा किनारा छत्रपतींचा आहे. येथून जहाज न्यायचे तर आमचे दस्तक घ्या. पोर्तुगीज तर कान्होजींच्या कितीतरी आधीपासून या समुद्रावर आपले परवाने विकत होते. परक्याने घेतला तर तो कायदा आणि घरच्याने मागितला तर ती चाचेगिरी, हा कुठला न्याय? १७१२ मध्ये कान्होजींच्या आरमाराने मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरचे खास जहाज पकडले, तेव्हा मुंबईत एकच खळबळ उडाली. पुढे गव्हर्नर बून याने मोठ्या मोहिमा काढल्या. १७१७ मध्ये विजयदुर्ग, १७१८ मध्ये खांदेरी, १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्ग, असे हल्ले झाले, आणि सारे फसले. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज एक होऊन कुलाब्यावर आले. तोही बेत फसला, आणि पोर्तुगीजांनी मराठ्यांशी वेगळा तह करून अंग काढून घेतले.

हे कशाच्या बळावर झाले? इंग्रजांची जहाजे मोठी होती, तोफा अधिक होत्या. कान्होजींची गुराबे आणि गलबते लहान. परंतु त्यांचा तळ उथळ होता, वारा पडला तर गलबते वल्ह्यांवर चालत, आणि जिथे मोठे जहाज खडकाला लागण्याच्या भीतीने येत नसे तिथे ती सहज शिरत. आता नुसत्या उथळ तळाने हे साधत नाही. कुठे खडक बुडालेला आहे, भरतीला कोणती वाट उघडते, ओहोटीला पाणी कोणीकडे ओढते, हे ठाऊक असणारा माणूस सुकाणूवर लागतो. ही माणसे होती कोळी, भंडारी आणि किनाऱ्यावरचे इतर दर्यावर्दी. त्यांचे ज्ञान कोणत्याही नकाशात नव्हते. ते बापाकडून मुलाकडे, नाखव्याकडून खलाशाकडे आले होते. कान्होजींचे मोठेपण मला यात दिसते की त्यांनी या माणसांना केवळ चाकर मानले नाही; आपले सारे आरमार त्यांच्या विद्येवर उभे केले.

खांदेरीचेच उदाहरण घ्या. मुंबईच्या दक्षिणेला, थळच्या समोर समुद्रात हे बेट आहे. त्याच्याजवळच किनाऱ्याच्या बाजूला उंदेरी. १६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला माणसे पाठवली. त्यांचा म्होरक्या होता मायनाक भंडारी. मुंबईच्या तोंडावर मराठ्यांचा किल्ला होणे इंग्रजांना परवडणारे नव्हते. त्यांनी जहाजे आणून वेढा घातला, सिद्दीही आला. तरीही रात्रीच्या अंधारात लहान होड्या किनाऱ्यावरून सामान आणीतच राहिल्या आणि तट चढतच राहिला. अखेर १६८० च्या आरंभी इंग्रज तह करून मागे सरले. तोच हा किल्ला, ज्याच्यासमोर १७१८ मध्ये बूनची मोहीम हात हलवीत परतली.

परंतु कोळी बांधवांसाठी खांदेरी म्हणजे केवळ किल्ला नव्हे. बेटावर त्यांचा वेताळ आहे. मूर्ती नाही, एक मोठी शिळा आहे. ही शिळा दरवर्षी वाढते अशी त्यांची श्रद्धा आहे. गेल्या वर्षी मी थळच्या किनाऱ्यावर गेलो होतो. मासळी वाळत घालणाऱ्या एका मावशींना मी खांदेरी कोणती ते विचारले. त्यांनी हात वर करून बेट दाखवले आणि मग वेताळाविषयीच सांगत राहिल्या. होडी नवी असो की सून नवी असो, त्याला सांगितल्यावाचून त्यांच्या घरी काही होत नाही. तटाविषयी, तोफांविषयी त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. मला ते फार अर्थपूर्ण वाटले. आमच्या आजीला सिंहगडाची उंची ठाऊक नाही, पण माघ वद्य नवमी ती कधी विसरली नाही.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचा अंत झाला. अलिबागला त्यांची समाधी आहे. ते जिवंत असेपर्यंत कोणत्याही परकीय सत्तेला त्यांचे आरमार मोडता आले नाही. त्यांच्या मागे मुलांत भाऊबंदकी माजली, घराणे दुभंगले, आणि १७५६ मध्ये तर पेशवे व इंग्रज एक होऊन तुळाजी आंग्र्यांवर गेले. विजयदुर्गाच्या बंदरात ते आरमार जळाले. जे शत्रूला साधले नाही ते घरच्या फुटीने साधले. त्यानंतर या किनाऱ्यावर इंग्रजांना अडवणारे कोणी उरले नाही.

स्वतंत्र भारताने कान्होजींची आठवण ठेवली. मुंबईतील नौदलाच्या तळाला १९५१ मध्ये आंग्रे हे नाव दिले गेले, १९९८ मध्ये खांदेरी बेटाचे कान्होजी आंग्रे बेट असे नामकरण झाले, आणि खांदेरी नावाच्या दोन पाणबुड्या १९६८ व २०१९ मध्ये आपल्या नौदलात दाखल झाल्या. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत आपला रायगड आहे, आमच्या डोक्यावरचा प्रतापगड आहे, आणि समुद्रातली खांदेरीही आहे. ही आनंदाची गोष्ट खरीच. पण येथेच एक प्रश्न उभा राहतो. जगाचा वारसा झालेल्या बेटावर वेताळाचे काय? त्याच्या कोळ्यांचे काय?

हा प्रश्न एकट्या खांदेरीचा नाही. पॅसिफिक महासागरात हवाईच्या वायव्येला, मनुष्यवस्तीपासून दूर पसरलेल्या लहान बेटांची एक रांग आहे. तेथल्या एका बेटावर हवाईच्या मूळ रहिवाशांच्या पूर्वजांनी रचलेली दगडांची देवस्थाने आहेत. २०१० मध्ये युनेस्कोने या प्रदेशाला वारसा म्हणून मानले ते निसर्ग आणि संस्कृती या दोहोंसाठी. तेथे वाटेल त्याला जाता येत नाही. परंतु मूळ रहिवाशांना आपल्या परंपरेचे विधी करण्यासाठी परवानगी घेऊन जाता येते. आपल्या अंदमानातही १९५६ पासून आदिवासींच्या बेटांवर बाहेरच्या माणसाला मज्जाव करणारा कायदा आहे. यामागचे तत्त्व एकच आहे. बेट वाचवायचे तर त्या बेटाला आपले मानणारी माणसे त्याच्यापासून तोडून चालणार नाही.

खांदेरी काही तशी दूरची नाही. थळहून ती डोळ्यांनी दिसते. म्हणूनच तिला धोका अधिक. उद्या तेथे पर्यटकांच्या बोटी वाढतील, धक्का मोठा होईल, तिकिटाची खिडकी येईल. तटाची डागडुजी व्हावी, तोफांची निगा राखली जावी, याविषयी दुमत नाही. परंतु ज्यांच्या पूर्वजांनी अंधारात होड्या वल्हवून त्या तटाचा दगड वाहिला, त्यांनी तिकीट काढून वेताळाच्या पाया पडायचे काय? बेटाविषयी जे काही ठरेल त्यात थळ आणि आसपासच्या कोळीवाड्यांना बसायला जागा असली पाहिजे. वेताळाकडे जाण्याची त्यांची वाट आणि बेटाभोवती जाळे टाकण्याचा त्यांचा हक्क आधी लेखी राखला जावा, मग बाकीचे आराखडे व्हावेत.

कान्होजींनी समुद्र राखला तो समुद्राच्या माणसांना बरोबर घेऊन. त्यांचे नाव बेटाला देणे सोपे आहे. त्यांची रीत पाळणे अवघड. खांदेरीला आज इंग्रजांच्या तोफांचे भय उरलेले नाही. तिचा कोळी तिच्यावर पाहुणा होऊ नये, एवढीच काळजी आता आपण घ्यायची आहे.