बँजोवादक जोएल स्वीनी

वरातींतून बटने दाबून वाजविण्याचे जे वाद्य आपल्याकडे बँजो म्हणून ओळखतात, ते मूळच्या एका जपानी वाद्यावरून आलेले आहे. अमेरिकेतील बँजो निराळा. डफासारख्या कातडे मढविलेल्या कड्याला लांब दांडी जोडून तिच्यावरून पाच तारा ओढलेल्या असतात. त्या वाद्याला ज्याने मोठी कीर्ती मिळवून दिली, त्या जोएल वॉकर स्वीनीचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

स्वीनीचा जन्म १८१० साली व्हर्जिनिया प्रांतात, आयरिश वंशाच्या कुटुंबात झाला. त्या प्रांती तेव्हा गुलामगिरी होती व तंबाखूच्या मळ्यांत आफ्रिकी वंशाचे स्त्रीपुरुष राबत असत. बँजो हे वाद्य त्यांचे. त्यांच्यापाशी स्वीनी ते वाजविण्यास शिकला. ज्यांची नावे कागदोपत्री सापडतात अशा गोऱ्या बँजोवादकांत तोच पहिला होय. त्याच्या गुरूंची नावे मात्र कोणी टिपून ठेविली नाहीत.

पुढे तो सर्कशींबरोबर फिरू लागला. १८३९ साली न्यूयॉर्क शहरात त्याचे वादन झाले, आणि १८४३ साली तो समुद्र ओलांडून इंग्लंडात गेला. तेथील लोकांना हे वाद्य अगदी नवे होते व त्याची तेथे वाहवा झाली. परंतु एक गोष्ट झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. स्वीनी तोंडाला काजळी फासून, गुलामांचे सोंग घेऊन रंगभूमीवर येत असे. ज्यांच्याकडून विद्या घेतली, त्यांचीच थट्टा पाहण्यास लोक पैसे देत.

तो स्वतः बँजो तयारही करी, असे सांगतात. जुना बँजो पोकळ भोपळ्याचा असे. स्वीनीच्या काळात भोपळ्याच्या जागी लाकडी कडे आले. बाल्टिमोर शहरातील विल्यम बाउचर हा ढोल करणारा कारागीर तसले बँजो करून विकू लागला. ढोलाप्रमाणे आकड्यांनी कातडे ताणण्याची सोय त्यांत असे.

बँजोची आखूड तार, जी आंगठ्याने छेडतात, ती स्वीनीनेच शोधून काढली असे पुष्कळ वर्षे छापले जात असे. हे खरे नव्हे. दक्षिण कॅरोलिनातील मळ्यावरील गुलामांचे एक रंगीत चित्र स्वीनीच्या जन्मापूर्वी सुमारे वीस वर्षे काढलेले आहे. त्यात एक काळा मनुष्य भोपळ्याचा बँजो वाजवीत आहे, आणि ती आखूड तार त्यावर स्पष्ट दिसते. पश्चिम आफ्रिकेतील जोला लोकांच्या अकोंटिंग नावाच्या वाद्यालाही तशीच तार असते. व्हर्जिनियाचेच टॉमस जेफर्सन ह्यांनी आपल्या ग्रंथात हे वाद्य आफ्रिकेतून आलेले आहे असे लिहिले. तो ग्रंथ १७८५ सालीच छापला गेला होता. इतके लेखी असता शोधाचा मान भलत्यालाच मिळावा, ह्याचे आम्हांस नवल वाटते. खालची एक जाड तार मात्र त्या काळात वाढली असावी, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

स्वीनी १८६० साली अ‍ॅपोमॅटॉक्स येथे मरण पावला. त्याचा भाऊ सॅम हाही बँजो वाजवी. यादवी युद्धात तो दक्षिणेच्या घोडदळात होता व १८६४ साली देवी येऊन वारला. पुढच्याच वर्षी, ९ एप्रिल १८६५ रोजी, दक्षिणेचा सेनापती ली ह्याने त्याच अ‍ॅपोमॅटॉक्स गावी शस्त्रे खाली ठेविली, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात सर्व देशातून गुलामगिरी कायद्याने बंद झाली.