मलिक अंबर : खडकीला पाणी देणारा वजीर

जालना जिल्ह्यातील बदनापूर तालुक्यात रोषणगाव आहे. इ.स. १६१६च्या प्रारंभी याच परिसरात निजामशाहीचा वजीर मलिक अंबर आणि मोगल सरदार शाहनवाजखान यांच्या फौजा भिडल्या. लखुजी जाधवराव यांच्यासारखे मातब्बर मराठा सरदार आधीच मोगलांना मिळाले होते. अंबराचा पराभव झाला. विजयी फौज तशीच पुढे खडकीवर चालून गेली आणि तिने शहराची राखरांगोळी केली. अवघ्या सहा वर्षांपूर्वी, १६१०मध्ये, अंबराने ही नवी राजधानी वसवली होती. पुढे औरंगाबाद म्हणून ओळखले गेलेले आणि आता छत्रपती संभाजीनगर असलेले शहर ते हेच.

जळालेल्या शहरात माणसे परत आणायची तर आधी त्यांच्या घागरी भरल्या पाहिजेत, हे अंबर जाणून होता. खाम नदीचे पात्र उन्हाळ्यात आटणारे. शहराच्या उत्तरेला मात्र डोंगर होते आणि त्यांच्या पोटात झरे होते. हे पाणी शहरात आणणारी नहर-ए-अंबरी १६१७च्या सुमारास उभी राहिली. याच वर्षी शाहजादा खुर्रमपुढे नमते घेऊन अंबराला अहमदनगरचा किल्ला आणि बालाघाटचा प्रदेश सोडावा लागला होता. राज्य आक्रसत असताना आणि खजिन्यावर लष्कराचा भार असताना त्याने नहरीसाठी पैसा काढला, ही बाब त्याच्या लढायांच्या वर्णनात सहसा झाकली जाते.

त्याचा जन्म १५४८च्या सुमारास आफ्रिकेतील हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा बगदादच्या बाजारातून दख्खनेत आला. निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले. चंगीजखान स्वतःही हबशी होता आणि गुलामीतूनच वर आला होता. त्याच्या पदरी अंबर कारभार शिकला. धन्याच्या मृत्यूनंतर तो मुक्त झाला, काही काळ विजापूरच्या चाकरीत राहिला आणि पुन्हा निजामशाहीत परतला. १६००मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती पडले, तेव्हा त्याने परांड्यास दुसरा मुर्तजा निजामशहा गादीवर बसवला आणि बुडालेले राज्य आणखी पाव शतक तगवले. जहांगीर बादशहाचा त्याच्यावर इतका राग होता, की अंबराच्या छाटलेल्या शिरावर आपण बाण सोडतो आहोत असे चित्र त्याने काढवून घेतले. प्रत्यक्षात ते शिर मोगलांना कधीच मिळाले नाही.

नहरीची रचना आजही अभियंत्यांना विचार करायला लावते. डोंगरपायथ्याशी जमिनीखाली झिरपणारे पाणी बोगद्यात गोळा करायचे आणि केवळ उताराच्या बळावर बंदिस्त मार्गाने शहरात आणायचे, हे तिचे तत्त्व. मोट नाही, उपसा नाही. नहरीच्या वाटेवर ठिकठिकाणी साफसफाईसाठी उतरण्याच्या जागा ठेवल्या. शहरात उंच मनोऱ्यांमधून दाब राखून भाजक्या मातीच्या नळांनी पाणी हौदांपर्यंत पोहोचवले. सारा प्रवाह झाकलेला असल्याने बाष्पीभवन कमी आणि घाण मिसळण्याचा धोकाही कमी. मराठवाड्याच्या उन्हात उघड्या तलावाचे पाणी किती झपाट्याने उडते, हे ठाऊक असणाऱ्याला या झाकणाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. नंतरच्या काळात याच धर्तीवर शहरात आणखी नहरी झाल्या. अठराव्या शतकातील पाणचक्की अशाच एका नहरीवर फिरू लागली.

जालना शहरातही हीच जलदृष्टी दिसते. तेथील मोती तलाव आणि त्यातून भूमिगत नळांनी हौदांत खेळवलेले पाणी यांचे श्रेय जमशेदखान या अधिकाऱ्याला दिले जाते. काळी मशीदही त्याच्याच नावे सांगितली जाते. तलाव टिकला, नळ आणि हौद मात्र मोडून गेले.

जमीन महसुलातही अंबराने हात घातला. जमिनीचा कस पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धत पुढे मलिकंबरी धारा म्हणून ओळखली गेली आणि शिवकाळातील कारभाऱ्यांसमोरही ती होती. गनिमी काव्याचे श्रेय त्याला नेहमीच दिले जाते, महसुलाचे त्यामानाने कमी.

पाण्याचा त्याने शस्त्र म्हणूनही वापर केला. १६२४मध्ये आजच्या अहिल्यानगरजवळील भातवडी येथे मोगल आणि आदिलशाही यांची संयुक्त फौज समोर असताना त्याने तेथील तलावाचा बांध फोडला. चिखलात शत्रूची वाट अडली, छावणीवर रात्रीचे छापे पडू लागले आणि शेवटी त्या फौजेचा धुव्वा उडाला. शहाजीराजे या लढाईत अंबराच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी तेथे कामी आले. विजय मोठा होता. फुटलेल्या तलावाखालच्या शेतांचे काय झाले, याची दखल मात्र दरबारी इतिहासकार घेत नसत.

मे १६२६मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, मलिक अंबराचे निधन झाले. खुलताबादेत त्याची कबर आहे. दहा वर्षांत निजामशाहीही संपली. मुलगा फत्तेखान याच्या नावाने खडकीचे फत्तेनगर झाले आणि औरंगजेबाच्या काळात औरंगाबाद. नावे बदलत गेली तरी नहरीचे पाणी वाहत राहिले. विसाव्या शतकात शहराने जायकवाडीचे पाणी घेतले, तशी नहरीची निगा सुटली. तिच्या मार्गावर इमारती उठल्या, नळ फुटले आणि काही ठिकाणी त्यांत सांडपाणी शिरले. २०१२-१३च्या दुष्काळात टँकरवर तगलेल्या जालन्यालाही आता पैठणहून जलवाहिनीने पाणी येते. मोती तलावात दरवर्षी गणपतींचे विसर्जन होते.