साच्यांचा शिल्पकार : सुमंत मुळगावकर

भोसरी-चाकण पट्ट्यातील आरेखन कक्षांत हे दृश्य नित्याचे आहे. संगणकाच्या पडद्यावर एका टोकाला वर्तुळ, दुसऱ्या टोकाला चौकोन. 'लॉफ्ट'ची आज्ञा मिळताच दोहोंना सांधणारी घनाकृती साकारते. दोन्ही आकारांवरील बिंदू नीट जुळले नाहीत, तर तिला पीळ पडतो. मोटारीचा वळणदार पत्राही अशाच निरनिराळ्या छेदांतून आकार घेतो. मात्र, तो आकार पोलादी साच्यात उतरल्याखेरीज वाहन बनत नाही. साचे घडविण्याची ही विद्या पिंपरी-चिंचवडमध्ये रुजविणाऱ्यांत सुमंत मुळगावकर यांचे नाव अग्रभागी आहे.

मुंबईत १९०६ मध्ये जन्मलेल्या मुळगावकरांनी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. सिमेंट उद्योगातील अनुभव गाठीशी घेऊन ते १९४९ मध्ये 'टेल्को'त आले. कंपनीने १९५४ मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला मालमोटारींचे उत्पादन सुरू केले. हा करार १९६९ मध्ये संपणार होता. त्यानंतर नव्या गाडीचा आराखडा आणि साचे यांसाठी पुन्हा परदेशाकडेच पाहायचे का, हा खरा प्रश्न होता.

मुळगावकरांनी त्याचे उत्तर पुण्यात शोधले. येथे १९६६ मध्ये अभियांत्रिकी संशोधन केंद्र सुरू झाले. वाहनांआधी यंत्रे, साचे आणि कुशल कारागीर घडविण्यावर त्यांनी भर दिला. संगणकपूर्व काळात कागदावरील छेदांनुसार टेम्प्लेट कापली जात. त्यांच्या आधारे लाकडी प्रतिकृती तयार होई. तिच्यावर फिरणाऱ्या सुईच्या मागोमाग यंत्र पोलाद कोरीत असे. दोन छेदांमधील पृष्ठभाग कारागिराची नजर आणि कानस ठरवी.

पुण्यातून पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले ते १९७७ मध्ये. अकरा वर्षांच्या या धीराचे फळ पुढे दिसले. भारतीय अभियंत्यांनी आरेखित केलेली 'टाटा ४०७' १९८६ मध्ये रस्त्यावर आली आणि परदेशी स्पर्धकांसमोर टिकली. कारखान्याच्या आवारात झाडे व तळे असावे, हा आग्रहही त्यांचाच.

मुळगावकर १९८९ मध्ये निवर्तले. त्यांच्या नाव-आडनावाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'सुमो' हे नाव घेतलेली गाडी १९९४ मध्ये आली. लाकडी प्रतिकृतींची जागा आता संगणकाने घेतली आहे. तरीही साचा प्रेसवर चढविताना निळा रंग लावून तो कुठे टेकतो, हे पाहणारा अनुभवी कारागीर आजही लागतोच. तसा कारागीर घडविणे, हीच मुळगावकरांची खरी दूरदृष्टी होती.