जुन्नरचा हबशी वजीर

जुन्नर म्हटले की शिवनेरी आणि शिवजन्म आठवणे स्वाभाविकच आहे. परंतु त्या जन्माच्या आधी दोन तपे याच गावातून एका हबशी सरदाराने निजामशाहीचा गाडा हाकला होता, याची आठवण स्थानिकांतही फारशी उरलेली नाही. तो सरदार म्हणजे मलिक अंबर.

सन १५४८च्या सुमारास इथिओपियात त्याचा जन्म झाला. मूळ नाव चापू. बालपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा अरबस्तान, बगदाद असा हातोहात फिरला. बगदादच्या मीर कासीमने त्याला शिकविले आणि अंबर हे नाव दिले. पुढे निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीजखानही एकेकाळचा हबशी गुलामच! धन्याच्या मृत्यूनंतर अंबर मुक्त झाला आणि विजापूरच्या चाकरीत 'मलिक' हा किताब मिळवून परतला.

सन १६००मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. निजामशाही संपली असेच सर्वांना वाटले. अंबरने मात्र राजघराण्यातील एका वंशजाला परांडा येथे मुर्तजा म्हणून गादीवर बसविले आणि १६०७च्या सुमारास राजधानी जुन्नरला आणली. ही निवड विचारपूर्वक होती. १४९०मध्ये निजामशाहीचा उदय येथूनच झाला होता. शिवाय सभोवती सह्याद्रीचे गड आणि कोकणात उतरणारा नाणेघाट.

मोठ्या मोगल फौजेशी समोरासमोर भिडण्यात अर्थ नाही, हे त्याने ओळखले होते. चपळ मराठा घोडदळ हाताशी धरून रसद तोडणे, रात्री छापे घालणे आणि दिसेनासे होणे, ही त्याची बारगीगिरी. बादशहा जहांगीर इतका चिडला, की अंबरच्या छिन्न मस्तकावर आपण बाण सोडत आहोत असे चित्रच त्याने काढवून घेतले. प्रत्यक्षात ते मस्तक त्याच्या हाती कधीच लागले नाही.

तथापि रणांगणापेक्षा त्याचे मोठे काम शेतसाऱ्याचे होय. वसुलीचा मक्ता घेणारा मनमानी रक्कम उकळी आणि रयत गाव सोडून जाई. अंबरने मक्तेदारी मोडली, जमिनीची पाहणी करून प्रत ठरविली आणि प्रत्यक्ष पिकावर सारा बांधला. पीक बुडाले तर सारा घटे. सततच्या लढायांतही त्याचा खजिना तग धरून राहिला तो यामुळेच.

त्याची बाजू सर्वस्वी उजळ होती असे मात्र नाही. अंबरची मुलगी मुर्तजाला दिलेली होती. तिला सुलतानाच्या दुसऱ्या बेगमेने गुलामाची पोर म्हणून हिणविले. त्यातून वैर वाढले आणि १६१०मध्ये अंबरने मुर्तजाला विषप्रयोगाने संपविले, अशी हकीकत समकालीन डच व्यापाऱ्याने नोंदविली आहे. त्याच वर्षी राजधानी दौलताबादेस गेली आणि जुन्नरचे वैभव ओसरले. जवळच खडकी हे नवे शहर वसवून त्याने तेथे नहरीने पाणी आणले. तेच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झाले.

१६१६मध्ये रोशनगावला पराभव झाला, मोगलांनी खडकी जाळली. पण १६२४मध्ये भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजा उधळल्या. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी तेथेच पडले.

१६२६मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात अंबर वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. त्याचा मुलगा फत्तेखान याने अवघ्या सात वर्षांत दौलताबाद मोगलांच्या हवाली केले.