महिना तीन रुपयांचा गोलंदाज

क्रिकेटपटूंच्या लिलावातले कोटींचे आकडे आता शाळकरी पोरांनाही पाठ असतात. म्हणून आज एक जुना पगार उघडून पाहू. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यात पारशांच्या एका क्लबात खेळपट्टी झाडायला, रोलर फिरवायला एक मुलगा होता. त्याला महिना तीन रुपये मिळत. १८९२ मध्ये तो गोऱ्यांच्या पूना जिमखान्यात गेला, तिथे चार रुपये झाले. या एका रुपयाच्या बढतीतून हिंदुस्थानला त्याचा पहिला थोर गोलंदाज मिळाला. पालवणकर बाळू.

कुटुंब मूळ कोकणातल्या पालवणचे, जातीने चांभार. बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला झाला. वडील लष्कराच्या नोकरीत होते. साहेबलोकांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि धाकटा शिवराम खेळ शिकले.

आपल्याकडे क्रिकेट आले ते छावण्यांच्या वाटेने, हे शिरूरकरांना वेगळे सांगायला नको. घोडनदीकाठी इंग्रजांची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कोरेगावकडे निघालेली पलटण याच शिरूरहून निघाली. तिच्यात अनेक महार शिपाई होते. गावात ज्याची सावली चालत नसे, त्याला पलटणीत निदान पगार आणि गणवेश मिळे. बाळूंच्या घराचा उंबरठा असाच लष्कराच्या दाराशी लागलेला होता. नोकरीनिमित्त शिरूरला आणि दौंडलाही काही वर्षे काढली तेव्हा मी रविवारी नदीच्या वाळूत आणि रेल्वेच्या मोकळ्या जागेत पोरांचे सामने पाहत बसे. मुंबईच्या मोठ्या फलंदाजांची नावे त्या पोरांच्या तोंडी असत, बाळूंचे मात्र एकाच्याही नाही.

पूना जिमखान्यात रीत अशी की साहेबांनी फलंदाजी करायची आणि नोकराने चेंडू टाकायचे. बाळूंच्या हाती तिथे कुणी बॅट दिली नाही. कॅप्टन ग्रेग हा तिथला नामांकित फलंदाज सरावासाठी भल्या पहाटे येई, आणि आपल्याला बाद केले की दर खेपेला आठ आणे देई, असे सांगतात. बँकवाल्याच्या नजरेने पाहिले तर महिन्यात आठ वेळा बाद केले की पगाराएवढी वरकड कमाई! डाव्या हाताने संथ चेंडू टाकायचा, त्याला उंची द्यायची, टप्पा आणि वळण फसवे ठेवायचे, ही विद्या त्या पहाटांनी पक्की केली.

साहेबाला बाद करणारा हा मुलगा पुण्याच्या हिंदू क्लबाला हवा होता. पण अस्पृश्याला संघात घ्यायचे कसे? बराच खल झाल्यावर तोड निघाली, आणि ती तोडच लाजिरवाणी होती. मैदानावर चेंडू सगळ्यांनी मिळून हाताळायचा. चहाच्या वेळी मात्र बाळूंनी मंडपाबाहेर थांबायचे, त्यांचा चहा मातीच्या टाकाऊ पेल्यात. पुढे साताऱ्याच्या गोऱ्या संघाला त्यांनी बेजार केले तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांचे जाहीर कौतुक केले, आणि क्लबातली शिवाशिव थोडी सैलावली.

१८९६ मध्ये पुण्यात प्लेग आला आणि बाळू मुंबईला गेले. तिथे बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाली आणि हिंदू जिमखान्याकडून खेळणे सुरू झाले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, तो विजय मुंबईने दिवाळीसारखा साजरा केला. त्या संघात बाळूही होते, शिवरामही.

मग आला १९११ चा इंग्लंड दौरा. पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ विलायतेला गेला. महाराजांचे लक्ष खेळाइतकेच मेजवान्यांकडे होते, आणि संघाला बहुतेक सामन्यांत मार खावा लागला. पस्तिशीच्या बाळूंचा खांदा दुखत होता, तरी त्यांनी ११४ बळी घेतले, तेही प्रत्येकी १९ हून कमी धावांत. प्रथम श्रेणीच्या एकूण ३३ सामन्यांत त्यांचे १७९ बळी, सरासरी १५.२१. भारत पहिली कसोटी खेळला १९३२ मध्ये, तेव्हा बाळू छप्पन्न वर्षांचे होते.

एवढे करूनही हिंदू संघाचे नेतृत्व त्यांना मिळाले नाही. वर्षामागून वर्षे दुसऱ्याच नावाची घोषणा होई. १९२० मध्ये तर बाळूंना संघातूनच वगळले, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या भावांनी निषेध म्हणून अंग काढून घेतले. मग बाळूंना परत बोलावून उपकर्णधार केले गेले. पुढे १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाला आणि त्याने युरोपियनांना हरवले. हक्काची वस्तू धाकट्या भावाच्या हाती आलेली पाहताना बाळूंना आनंद किती आणि सल किती, याचा हिशेब कुठल्याच खातेवहीत मांडता येणार नाही.

उतारवयात ते राजकारणात शिरले. एकेकाळी आंबेडकरांना बाळूंचा अभिमान होता, पण १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर दोघे समोरासमोर आले. बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूचे. १९३३ मध्ये हिंदू महासभेतर्फे मुंबई महापालिकेची निवडणूक ते हरले. १९३७ मध्ये काँग्रेसने त्यांना मुंबईतून खुद्द आंबेडकरांविरुद्ध उभे केले. सुमारे दोन हजार मतांनी आंबेडकर जिंकले. ज्या समाजाने मातीच्या पेल्यात चहा दिला, त्याच्याशी सामोपचाराने राहता येईल, असे बाळूंना का वाटले असेल? मला वाटते, मैदानावर त्यांनी तो समाज थोडा का होईना वाकलेला पाहिला होता. आंबेडकरांनी तेवढ्यावर विसंबायला नकार दिला, आणि इतिहासाने कौल त्यांच्या बाजूने दिला. तरी बाळूंना भोळे ठरवायला माझे मन धजत नाही.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत ते वारले. भाऊ विठ्ठल यांनी आपले क्रीडाजीवन १९४८ मध्ये मराठीत पुस्तकरूपाने लिहून ठेवले होते. थोरल्या भावाची कितीतरी हकिगत आज आपल्याला कळते, ती त्या पानांमुळे.